‘हॉरेंडस’ नेमकं कधी वापरायचं? हॉरिबल, हॉरिफिक, हॉरिड यांच्यापेक्षा वेगळं काय?

(प्रश्न विचारणारा ‘कोरा कागद’; ‘लाल शाई’, ‘धातुपाठ’, ‘उपशीर्षक’ आणि ‘मथळा’ ही उत्तर देणाऱ्यांची टोपणनावं.)

कोरा कागद

इंग्रजी मजकुराचा मराठी अनुवाद करताना ‘हॉरेंडस’ हा शब्द सतत आडवा येतो. कोशात भयानक, भीषण, भयंकर हे प्रतिशब्द स्वल्पविराम देऊन एका ओळीत बसवलेले असतात, जणू कुठलाही उचला आणि लावा. प्रत्यक्षात ‘हॉरेंडस इन्जरीज’ला ‘भीषण जखमा’ शोभतं, ‘हॉरेंडस हेअरकट’ला ‘भीषण केस कापलेत’ म्हटलं की हसू येतं, आणि ‘हॉरेंडस कॉस्ट’ला तिन्हीपैकी एकही धड बसत नाही.

त्यात हॉरिबल, हॉरिफिक, हॉरिड, हॉरिफाइंग ही भावंडं. सगळ्यांचा अर्थ ‘फार वाईट’ असाच असेल तर इंग्रजीनं पाच शब्द कशाला बाळगलेत? माणसाला हॉरेंडस म्हणता येतं का? ‘व्हेरी हॉरेंडस’ लिहिलं की तपासणारे खाली रेघ का मारतात? आणि उच्चार हॉरेंडस की हॉरेंडियस? दोन्ही ऐकू येतात. नुसते प्रतिशब्द नकोत, कुठे कुठला चालतो ते हवं आहे.

लाल शाई

उच्चाराचं आधी मिटवू, ते सोपं आहे. ‘हॉरेंडियस’ असा शब्दच नाही. स्पेलिंगमध्ये दोन आर, पुढे ई-एन-डी, आणि डीला लागून थेट ओ-यू-एस. मध्ये आय नाही, त्यामुळे ‘इ’चा उच्चारही नाही. सीरियस, क्युरियस, व्हेरियस हे शब्द इतके कानावर पडतात की जीभ नसलेला आय आपणहून घालते. ग्रीव्हसचं ‘ग्रीव्हियस’ आणि मिस्चिव्हसचं ‘मिस्चिव्हियस’ याच खोडीनं होतं. आघात दुसऱ्या अक्षरावर, म्हणजे ‘रें’वर. पहिलं अक्षर इतकं हलकं की ‘हरेंडस’ म्हटलंत तरी कानाला खटकणार नाही. हॉरर, हॉरिबल, हॉरिड यांत आघात पहिल्या अक्षरावर असतो, हॉरिफिकमध्ये पुन्हा दुसऱ्यावर. आपण सगळे शब्द हॉररच्या चालीत म्हणतो, तिथे घोळ होतो.

आता अर्थ. हॉरेंडसमध्ये भीती नावापुरती उरली आहे. आजच्या वापरात हा शब्द मुख्यतः प्रमाण सांगतो: वाईटपणा किती मोठा, किती आवाक्याबाहेरचा. म्हणून ज्या गोष्टी मोजता येतात किंवा साचत जातात त्यांना तो हमखास लागतो. ट्रॅफिक, खर्च, उशीर, गोंगाट, हवामान, वेदना, जीवितहानी, कामाचा ढीग. ‘हॉरेंडस डिलेज’ यात घाबरण्यासारखं काही नाही, पण उशीर सहन होण्यापलीकडचा आहे.

हॉरिफिक अजून जुन्या अर्थाला धरून आहे. शरीर, हिंसा, यातना, मृत्यू यांच्या आसपास तो जास्त फिरतो: हल्ला, जखमा, छळ, अपघात, गुन्ह्याचा तपशील. वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहून तो मागे सरकला पाहिजे, अशा ठिकाणचा हा शब्द. बोलताना लोक ‘हॉरिफिक हँडरायटिंग’ही म्हणतात, पण ती मुद्दाम केलेली अतिशयोक्ती असते.

हॉरिबल सगळ्यांत सैल. नापसंती, किळस, मनाला लागलेलं वागणं, सगळं त्यात मावतं. चव, वास, रंग, खोकला, शेजारी, काहीही. आणि एक रचना फक्त याचीच (फार तर हॉरिडची): ‘बी हॉरिबल टू समवन’, म्हणजे कुणाशी वाईट वागणं. ‘ही वॉज हॉरिबल टू मी’ बरोबर आहे. तिथे हॉरेंडस किंवा हॉरिफिक ठेवून पाहा, वाक्य अडतं. माणसाच्या बाबतीतल्या तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. ‘हॉरिबल पर्सन’ ही रुळलेली जोडी. ‘हॉरेंडस पर्सन’ चिडलेल्या बोलण्यात भेटतं, व्याकरणाला त्याची हरकत नाही, पण लिहिताना टाळलेलं बरं. माणसाच्या कृत्याला हॉरेंडस म्हणा, माणसाला हॉरिबल.

हॉरिड जुनाट आणि ब्रिटिश वळणाचा. लहान मुलांच्या किंवा जुन्या काळातल्या पात्रांच्या तोंडी शोभतो. परीक्षेत, बातमीत, कार्यालयीन पत्रात नको.

हॉरिफाइंग हा ‘हॉरिफाय’ या क्रियापदापासून आलेला, म्हणून त्यात कुणावर तरी परिणाम होत असतो. ‘इट वॉज हॉरिफाइंग टू वॉच’ असं बघणाऱ्याच्या बाजूनं बोलायचं असेल तेव्हा तो घ्या. यात मराठी माणसाची ठरलेली चूक म्हणजे ‘आय वॉज हॉरिफाइंग’. याचा अर्थ ‘मला पाहून लोक हादरत होते’ असा होतो! आपण हादरलो असू तर ‘आय वॉज हॉरिफाइड’, आणि पुढे ॲट किंवा बाय.

एकच नाम घेऊन फिरवलं की फरक कळतो. ‘स्मेल’ घ्या. हॉरिबल स्मेल रोजचा. हॉरेंडस स्मेल म्हणजे नाक धरून बाहेर पळावं असा. हॉरिफिक स्मेल म्हटलं की ऐकणारा विचारेल, आत काय सापडलं?

धातुपाठ

वरच्या वर्गीकरणाला मुळातून आधार मिळतो, म्हणून थोडं खोदतो.

सगळ्यांचं मूळ लॅटिनमधलं ‘होरेरे’ हे क्रियापद. त्याचा पहिला अर्थ भिणे असा नाही. केस ताठ उभे राहणे, अंग शहारणे असा आहे. भीती हा नंतरचा अर्थ. संस्कृतातला ‘हृष्’ हा धातू आणि हे लॅटिन क्रियापद एकाच इंडो-युरोपीय मुळाचे मानले जातात. म्हणजे आपला ‘हर्ष’ आणि इंग्रजी ‘हॉरर’ हे दूरचे भाऊ. अंगावरचे केस आनंदानंही उभे राहतात आणि भीतीनंही. आपल्याकडे शब्द आनंदाच्या बाजूला कलला, तिकडे भीतीच्या. जुन्या संस्कृतात दोन्ही बाजू शाबूत दिसतात. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाला कंप आणि रोमहर्ष होतो तो काही आनंदाचा नव्हे.

आता प्रत्यय. ‘होरेन्दुस’ हे लॅटिन रूप आपल्या ‘-नीय’च्या तोलाचं: वंदनीय, निंदनीय, स्मरणीय. त्यामुळे हॉरेंडसचा शब्दशः अर्थ ‘शहारण्याजोगं’. त्याच प्रत्ययाची मंडळी तुम्ही रोज वापरता. अजेंडा म्हणजे करायच्या गोष्टी, मेमोरँडम म्हणजे लक्षात ठेवायचं ते, डिव्हिडंड म्हणजे वाटायचं ते. ट्रिमेंडस म्हणजे थरथरण्याजोगं, स्टुपेंडस म्हणजे थक्क होऊन खिळण्याजोगं. गंमत अशी की ट्रिमेंडस आणि स्टुपेंडस कौतुकाकडे वळले, टेरिफिकसुद्धा वळला, हॉरेंडस मात्र वाईटातच राहिला. ‘हॉरेंडस सक्सेस’ असं कुणी लिहिलं तर तो उपरोध किंवा चूक.

हॉरिफिक हा ‘हॉरर’ आणि ‘करणारा’ यांचा जोड. तंतोतंत आपल्या ‘भयंकर’सारखा, कारण भयंकर म्हणजे भय करणारा. हॉरिडचा लॅटिन पूर्वज तर खरखरीत, केसाळ, काटेरी अशा अर्थाचा होता आणि सोळाव्या शतकाअखेरीस इंग्रजीत आला तेव्हा तोच अर्थ घेऊन आला. हॉरेंडस आणि हॉरिफिक दोघेही सतराव्या शतकातले. हॉरिबल त्यांच्या कितीतरी आधी फ्रेंचमधून आलेला. इतका वापरला गेल्यावर तो गुळगुळीत झाला तर नवल नाही.

प्रत्ययाचा उपयोग असा: ‘-जोगं’ हा बोलणाऱ्याचा निवाडा असतो, ‘-कारक’ हा परिणाम. हॉरेंडस मत देतो, हॉरिफिक काय घडवतो ते सांगतो. मात्र व्युत्पत्तीवरून थेट अनुवाद करू नका. रचनेनं हॉरिफिकचा जुळा असलेला ‘भयंकर’ वापरात हॉरिबलच्याही पलीकडे झिजला आहे.

कोरा कागद

दोघांचेही आभार. आता नेमक्या जागा देतो, कारण अडतं ते इथे. संदर्भ कंसात.

अ) द ट्रॅफिक वॉज हॉरेंडस. (मैत्रिणीला उशिरा पोचल्याचं कारण)
आ) शी सस्टेन्ड हॉरेंडस इन्जरीज. (माहितीपट, निवेदकाचा आवाज)
इ) दॅट वॉज अ हॉरेंडस मिस्टेक. (डॉक्टरांच्या मालिकेतला संवाद)
ई) द फोटोज आर हॉरिफिक. (पोलिस अधिकारी सहकाऱ्याला)
उ) इट्स हॉरेंडसली एक्स्पेन्सिव्ह. (घर बघायला आलेलं जोडपं)

सगळीकडे ‘भयंकर’ टाकून मोकळं होता येईल, पण मग मूळ लेखकानं शब्द बदलले ते वाया जातात.

उपशीर्षक

क्रमानं घेतो, पण सगळ्यांना सारखी जागा देत नाही.

अ) ‘भयंकर ट्रॅफिक होतं.’ संपलं. इथे ‘भयंकर’च बरोबर आहे. दोघी मैत्रिणी बोलताहेत, वाक्य दोन सेकंदांत पडद्यावरून जाणार आहे. ‘ट्रॅफिकनं जीव नकोसा केला’ हे जास्त रसरशीत, पात्र तसं बडबडं असेल तर घ्या. ‘भीषण वाहतूक’ नको. वाचणारा अपघात झाला असं समजेल. बातमीत ‘भीषण वाहतूककोंडी’ चालतं, कारण तिथे ‘कोंडी’ हे नाम वाईटपणाचा भार उचलतं.

उ) ‘भयानक महाग आहे.’ बोलण्यातला सहज शब्द. लेखी मजकुरात ‘हॉरेंडस कॉस्ट’ असेल तर विशेषण सोडा आणि खर्चाला चिकटणारे शब्द शोधा: अवाच्या सवा, वारेमाप, न परवडणारा, कंबरडं मोडणारा. खर्चाच्या बाबतीत भीतीचा शब्द मराठीत नामाआधी जमत नाही, ‘महाग’ या विशेषणाआधी जमतो. तुम्हाला ‘हॉरेंडस कॉस्ट’ अडलं ते यामुळे.

आ) निवेदकाचा आवाज आहे, म्हणजे स्वर संयत हवा. ‘तिला भीषण जखमा झाल्या.’ सस्टेन्डसाठी ‘सोसल्या’ वगैरे नको, मराठीत जखमा होतात. ‘गंभीर जखमा’ हा मोह आवरा. गंभीर हा वैद्यकीय प्रतवारीचा शब्द, तो सीरियस किंवा सिव्हिअरसाठी राखून ठेवा. मूळ लेखकाला प्रतवारी सांगायची असती तर त्यानंही सिव्हिअरच लिहिलं असतं. उलट बाजूनं, दवाखान्याच्या कागदपत्रात ‘सिव्हिअर पेन’ असतं. हॉरेंडस पेन हे रुग्णाच्या तोंडचं.

इ) इथे सांभाळा. पहिला शब्द सुचतो ‘घोडचूक’, आणि हलक्या प्रसंगात तो झकास आहे. पण घोडचुकीत चूक करणाऱ्याच्या वेंधळेपणाची चेष्टा दडलेली असते. मालिकेत रुग्ण दगावला असेल तर ती चेष्टा अंगावर येईल. दुसरा शब्द सुचतो ‘अक्षम्य चूक’. त्यात ‘माफी नाही’ हा नैतिक निकाल जास्तीचा आला, जो हॉरेंडसमध्ये नाही. रुग्ण वाचला असेल तर ‘केवढी मोठी चूक होती ती!’ आणि दगावला असेल तर ‘जीवघेणी चूक होती ती’. मराठीत प्रमाण सांगायला विशेषणापेक्षा ‘केवढा, किती, काय’ हे उद्गारवाचक पुष्कळदा जास्त काम करतात. अनुवादक ते विसरतात, कारण मूळ वाक्यात उद्गारचिन्ह नसतं.

ई) हा सगळ्यांत अवघड. ‘विचलित करणारे फोटो’ ही वाहिन्यांवरची इशाऱ्याची भाषा, ती ‘डिस्टर्बिंग’ची. पोलिस अधिकारी सहकाऱ्याशी असं बोलणार नाही. ‘अंगावर काटा आणणारे’ हे व्युत्पत्तीनं हुबेहूब, पण मराठीत चांगलं गाणं ऐकूनही काटा येतो, भाषण ऐकूनही येतो. नुसत्या वाक्यात दिशा कळत नाही. ‘बघवत नाहीत ते फोटो.’ मी हे घेईन. विशेषण गेलं, पण परिणाम जागेवर राहिला, आणि हॉरिफिक परिणामाचाच शब्द आहे. बघवत नाही, ऐकवत नाही, सांगवत नाही: ही शक्यार्थी रूपं हॉरिफिकसाठी मराठीकडचं सर्वांत चांगलं हत्यार आहे. इंग्रजीत असं रूप नाही, म्हणून शब्दाला शब्द लावणाऱ्याच्या ते हाती लागत नाही.

हेअरकटचं राहिलं. ‘काय ध्यान केलंय केसांचं!’ किंवा सौम्य हवं असेल तर ‘केसांची पार वाट लावलीये’. हॉरेंडस दर्जाबद्दल असेल (केस, चित्र, अभिनय, इंग्रजी) तर भयाचा शब्द सोडून द्यायचा आणि दर्जाचे शब्द आणायचे: भिकार, टुकार, गचाळ, दिव्य. सुमार नको, सुमार म्हणजे मध्यम किंवा त्याहून जरा खालचं. हॉरेंडस तळाला असतो.

तीन शब्दांपासून लांब राहा, दिसतात जवळचे पण फसवतात. ‘थरारक’ आणि ‘रोमहर्षक’ हे आता मजेचे शब्द झाले आहेत, पाठलाग आणि शेवटच्या चेंडूपर्यंत गेलेला सामना यांचे. ‘हृदयद्रावक’ दुःखाचा, त्यात पाणावणं आहे, हादरणं नाही. ‘हॉरिफिक मर्डर’ला ‘थरारक खून’ लिहिणं म्हणजे खुनाची जाहिरात.

मथळा

उपशीर्षक यांच्या यादीला एक पुस्ती जोडतो, कारण खरी अडचण इंग्रजी शब्दात कमी आणि मराठी जोड्यांत जास्त आहे. मराठीतले ‘फार वाईट’वाले शब्द स्वतंत्र फिरत नाहीत, ठरलेल्या नामांबरोबर राहतात. मूळ इंग्रजी विशेषण कुठलंही असो, मराठी विशेषण नामानं ठरतं.

खून किंवा हत्या असेल तर निर्घृण. मारहाण, छळ, वागणूक असेल तर अमानुष. अपघात, आग, दुष्काळ, टंचाई, वास्तव यांना भीषण. पराभव आणि दारिद्र्य यांना दारुण. ‘हॉरेंडस डिफीट’ला ‘दारुण पराभव’ इतका चपखल बसतो की दुसरं काही शोधूच नये. अपमान, अन्याय, निराशा, अज्ञान यांना घोर. गर्दी आणि उकाडा जीवघेणा. शांतता, आवाज, चेहरा भेसूर. आता अदलाबदल करून बघा: दारुण आग, निर्घृण पराभव, घोर अपघात. एकही उभं राहत नाही. ‘निर्घृण अपघात’ तर अशक्यच, कारण निर्घृणला दया नसलेला कुणीतरी करणारा लागतो आणि अपघाताला तो नसतो. हॉरिफिकला अशी अट नाही, तो खुनालाही लागतो आणि अपघातालाही. म्हणून हॉरिफिकचा एकच प्रतिशब्द ठरवून सगळीकडे चालवणारा अनुवाद दुसऱ्याच परिच्छेदात घसरतो.

‘भीषण’बद्दल एक तक्रार नोंदवतो. बातम्यांत प्रत्येक अपघात भीषण झाला आहे, दोन गाड्या घासल्या तरी. मग खरोखरचा हॉरिफिक समोर आला की लेखक ‘महाभीषण’, ‘अतिभीषण’ असे मनोरे रचतो. त्याऐवजी आकडा द्या, काय झालं ते द्या. ‘बस 200 फूट खोल दरीत कोसळली’ या वाक्याला विशेषणाची गरज नाही. इंग्रजी बातमीतही हॉरेंडस आणि हॉरिफिक शक्यतो बोलणाऱ्याच्या अवतरणात ठेवतात, वार्ताहराच्या वाक्यात नाही. अनुवादात ते अवतरणाबाहेर सांडलं तर मत वार्ताहराच्या नावावर चढतं. ही चूक शब्दार्थाच्या चुकीपेक्षा महाग पडते.

लाल शाई

‘व्हेरी हॉरेंडस’ राहिलं होतं. इंग्रजी विशेषणांत काही मापपट्टीवर चढउतार होणारी असतात: बॅड, कोल्ड, बिग. त्यांना व्हेरी लागतो. काही पट्टीच्या टोकाला बसलेली असतात: हॉरेंडस, फ्रीझिंग, एनॉर्मस. ‘व्हेरी’ त्यांच्या पोटात आधीच आहे, त्यामुळे पुन्हा लावला की ‘अतिअत्यंत’सारखं होतं. टोकाच्या विशेषणांना जोर द्यायचा तर ॲब्सोल्यूटली, अटर्ली, सिम्प्ली, किंवा दोन्हीकडे चालणारा रिअली. ‘ॲब्सोल्यूटली हॉरेंडस’ ही सर्वांत रुळलेली जोडी. ‘क्वाइट हॉरेंडस’ वाचलंत तर गोंधळू नका. क्वाइटचा अर्थ सौम्य विशेषणाबरोबर ‘बऱ्यापैकी’ आणि टोकाच्या विशेषणाबरोबर ‘पूर्णपणे’ असा होतो, म्हणून इथे अनुवाद ‘बऱ्यापैकी भीषण’ असा करणं म्हणजे उलटा डाव. तुलना मात्र चालते: ‘मोअर हॉरेंडस दॅन’ यात वावगं काही नाही. ‘फेअरली’ किंवा ‘अ बिट हॉरेंडस’ हे विनोदासाठीच.

क्रियाविशेषणांत आणखी एक सापळा. ‘टेरिबली’ आणि ‘ऑफुली’ इतके झिजलेत की चांगल्या शब्दाआधीही बसतात: टेरिबली काइंड, ऑफुली नाइस. ‘हॉरेंडसली’ आणि ‘हॉरिफिकली’ बसत नाहीत, ‘हॉरिबली’सुद्धा सहसा नाही. त्यांच्यापुढे महाग, अवघड, गुंतागुंतीचं, चुकलेलं असंच काही हवं. मराठी ‘भयंकर’ मात्र टेरिबलीच्या गटातला: भयंकर आवडलं, भयंकर सुंदर. हल्ली ‘भीषण भारी’ही ऐकू येतं. तेव्हा मराठीतून इंग्रजीत जाताना ‘भयंकर सुंदर’चं हॉरेंडसली ब्यूटिफुल करू नका.

धातुपाठ

या घराण्याबाहेरचे काही शेजारी, कारण अनुवाद करताना तेही याच टोपलीत येऊन पडतात.

हेनस, एच-ई-आय-एन-ओ-यू-एस. उच्चार ‘हीनियस’ नव्हे. आपल्या ‘हीन’शी संबंध नाही, फ्रेंचमधल्या द्वेषाच्या शब्दाशी आहे. गुन्ह्याला आणि कृत्यालाच लागतो, हवामानाला कधीच नाही. नृशंस हा त्याचा जवळचा मराठी शब्द, पण ऐकणारे कमी. घृणास्पद गुन्हा चालतो.

ॲट्रोशस हा मजेदार, कारण विशेषण आणि नाम वेगवेगळ्या वजनाचे आहेत. ‘ॲट्रोशस स्पेलिंग’ म्हणजे नुसतं गचाळ शुद्धलेखन. पण ‘ॲट्रॉसिटी’ म्हटलं, विशेषतः अनेकवचनात, की अत्याचार, युद्धातली क्रौर्यं. विशेषण हलकं आहे म्हणून नामही हलकं समजू नका.

ग्रिझ्ली दोन आहेत, उच्चार सारखा. एसवाला म्हणजे बीभत्स, खून आणि अवशेष यांच्याबरोबरचा. दोन झेडवाला म्हणजे अस्वल. ‘ग्रिझ्ली मर्डर’मध्ये दोन झेड पडले तर आरोपी बदलतो. रसांच्या भाषेत सांगायचं तर एसवाला ग्रिझ्ली आणि ग्रूसम हे बीभत्साचे, जुगुप्सेचे; टेरिफाइंग भयानकाचा; हॉरिफिकमध्ये भय आणि जुगुप्सा दोन्ही मिसळलेले असतात.

अबिझ्मल म्हणजे तळ नसलेला. कामगिरी, निकाल, अज्ञान, दर्जा यांना. जखमांना नाही.

इग्रीजसचा मूळ अर्थ ‘कळपातून उठून दिसणारा’, एके काळी तो कौतुकाचा होता. आता चुकीला आणि नियमभंगाला लागतो: ढळढळीत, धडधडीत. यात भय अजिबात नाही, म्हणून भयंकर लावू नका.

कोरा कागद

‘बघवत नाहीत’ घेतलं, निवेदनात ‘भीषण जखमा’ ठेवलं. रुग्ण दगावलेलाच आहे, तेव्हा ‘जीवघेणी चूक’. एक शेवटचं: एका जुन्या मजकुरात ‘ॲन हॉरेंडस’ असं छापलेलं आहे. ही छपाईची चूक समजू का?

लाल शाई

छपाईची नाही. आघात दुसऱ्या अक्षरावर असला की सुरुवातीचा एच दुबळा पडतो, म्हणून जुन्या लेखनात ‘ॲन हिस्टॉरिक’, ‘ॲन हॉरेंडस’ असं सापडतं. उद्धृत करत असाल तर हात लावू नका. स्वतः लिहिताना ‘अ हॉरेंडस’, कारण आज तो एच उच्चारला जातो. हॉरिबलच्या बाबतीत ही पळवाटही नाही, तिथे आघात पहिल्या अक्षरावर आहे, त्यामुळे ‘ॲन हॉरिबल’ दिसलं तर आजच्या मजकुरात सरळ खोडा.